गुडघ्याच्या एमआरआयचा निर्णय मी कसा घेतला

गुडघ्याचा एमआरआय काढावा की नाही, हा प्रश्न माझ्यासमोर ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि त्याचा निकाल नोव्हेंबरमध्ये लागला. मधल्या काळात मी वेगवेगळ्या डॉक्टरांचे मत घेतले, नागपुरातल्या तपासणी केंद्रांचे दर विचारले, विमा कंपनीला पत्र लिहिले आणि बरेच दिवस केवळ व्यायाम केला. त्या वेळी हवी असलेली माहिती मला मराठीत एका जागी सापडली नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. माझ्या गुडघ्याला जे लागू पडले ते दुसऱ्याच्या गुडघ्याला लागू पडेलच असे नाही. पण डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे, एवढे तरी यातून कळावे अशी इच्छा आहे.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात नागपुरात पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. शाळेतून परतल्यावर त्रिमूर्तीनगरातल्या घरासमोर स्कूटर स्टँडवर लावत असताना माझा उजवा पाय चिखलात रुतला आणि अंग मात्र डावीकडे वळले. गुडघ्याच्या आतल्या बाजूला जोराची कळ आली. मी पडले नाही, स्वतःच्या पायांनी घरात गेले आणि सूज दिसली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. पुढे भेटलेल्या प्रत्येक डॉक्टरांनी सगळ्यात आधी हेच विचारले की सूज किती वेळात आली. दुखापतीनंतर तास-दोन तासांतच गुडघा टम्म फुगला तर आत रक्तस्राव झाल्याची, म्हणजे लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा) तुटल्याची किंवा हाडाला इजा झाल्याची शंका वाढते. दुसऱ्या दिवशी सावकाश आलेली सूज बहुधा सांध्यात साचलेल्या पाण्याची असते. म्हणून दुखापत झाली की त्याच दिवशी एका कागदावर चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: पाय कसा वळला, आतून आवाज आला का, लगेच चालता आले का आणि सूज केव्हा दिसली. महिनाभराने हे आठवत नाही, आणि निदानाचा निम्मा भार याच माहितीवर असतो.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी गुडघा तपासून एक्स-रे काढायला सांगितले. एक्स-रे कोणाला लागतो याचे साधे निकष आहेत आणि ते त्यांनी मला समजावून सांगितले. वय ५५ किंवा त्याहून अधिक असणे, गुडघ्याच्या वाटीवर किंवा पायाच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या डोक्यावर दाबल्यावर दुखणे, गुडघा ९० अंशांपर्यंत न वाकणे किंवा चार पावलेही टाकता न येणे, यांपैकी एक जरी असले तरी एक्स-रे काढतात. माझे वय ४६ आहे आणि मला चालता येत होते, पण सुजेमुळे गुडघा काटकोनात वाकत नव्हता. एक्स-रेला ₹५०० लागले आणि हाड शाबूत असल्याचे कळले. मात्र एक्स-रेमध्ये हाडेच नीट दिसतात. गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, आणि लिगामेंट त्यात दिसत नाहीत. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल’ याचा अर्थ ‘गुडघा नॉर्मल’ असा होत नाही, हेही त्यांनी त्याच वेळी सांगून ठेवले. बर्फाचा शेक, क्रेप बँडेज, दुखल्यास पॅरासिटामॉल आणि काही दिवस आराम, असा उपचार सुरू झाला.

सूज आठवडाभरात उतरली, दुखणे मात्र गेले नाही. माझा वर्ग पहिल्या मजल्यावर आहे. जिना चढताना फारसा त्रास होत नसे, पण उतरताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला टोचल्यासारखे व्हायचे आणि दुपारनंतर उभे राहून शिकवणे जड जायचे. महिना होत आला तशी मनात भीती बसली की आत काहीतरी तुटले आहे आणि आपण ते अंगावर काढत आहोत. घरचे, शेजारचे, शाळेतले, सर्वांचे एकच म्हणणे होते: एकदाचा एमआरआय काढून टाका, म्हणजे काय ते कळेल.

ऑगस्टच्या मध्यावर मी धंतोलीतल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. धंतोलीत दवाखान्यांची इतकी दाटी आहे की गाडी लावायला जागा मिळणे कठीण असते. पाय दुखत असलेल्या माणसाने तिथे ऑटोनेच जावे. दवाखान्यात गर्दी बरीच होती. तपासणी थोडक्यात झाली आणि चिठ्ठीवर ‘एमआरआय उजवा गुडघा’ एवढे लिहून मिळाले. तपासणी शुल्क ₹८०० होते.

ती चिठ्ठी घेऊन मी काही केंद्रांना फोन केले. दर ऐकून गोंधळ वाढला. कमी शक्तीच्या उघड्या यंत्रावर ₹४,०००, दीड टेस्लाच्या यंत्रावर ₹६,००० ते ₹७,५०० आणि तीन टेस्लाच्या यंत्रावर ₹९,०००, असे आकडे मला त्या वेळी सांगण्यात आले. टेस्ला हे चुंबकाच्या शक्तीचे एकक आहे. चुंबक जितका शक्तिशाली तितके चित्र अधिक बारकाईचे येते, हे खरे आहे. पण गुडघ्यातली गादी आणि लिगामेंट पाहण्यासाठी दीड टेस्लाचे यंत्र आणि गुडघ्यासाठीची स्वतंत्र कॉइल (गुडघ्याभोवती बसवायचे साधन) पुरेशी असते, असे मला नंतर दोन्ही तज्ज्ञांनी सांगितले. तेव्हा केवळ ‘तीन टेस्ला’ या शब्दांसाठी जास्तीचे पैसे देण्याची गरज नाही, आणि फार स्वस्त मिळते म्हणून अगदी कमी शक्तीच्या यंत्रावर काढलेले धूसर चित्रही कामाचे नाही. फोनवर दर विचारताना यंत्र किती टेस्लाचे आहे, रिपोर्ट किती वेळात मिळतो आणि फिल्मबरोबर सीडी देतात का, हे तिन्ही विचारून घ्यावे.

शासकीय रुग्णालयाचा मार्गही मी पाहिला. एका सकाळी रांगेत उभे राहून केसपेपर काढला आणि अस्थिरोग बाह्यरुग्ण विभागात गेले. तिथे खाजगी डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही. तिथल्याच डॉक्टरांनी तपासून लिहून द्यावे लागते, मग त्या कागदावर क्ष-किरण विभागातून तारीख मिळते. मला मिळत असलेली तारीख बऱ्याच आठवड्यांनंतरची होती, कारण अपघाताचे आणि भरती असलेले रुग्ण आधी घेतले जातात आणि ते योग्यच आहे. शुल्क खाजगी दराच्या मानाने खूपच कमी होते. ज्यांना घाई नाही आणि एक-दोन सकाळी मोकळ्या काढता येतात, त्यांनी हा मार्ग नक्की विचारात घ्यावा. जाताना आधार कार्ड, रेशन कार्ड आणि जुना एक्स-रे बरोबर न्यावा आणि रांग लक्षात घेऊन लवकर पोहोचावे.

विमा कंपनीचे उत्तर ईमेलने आले. आमची कौटुंबिक पॉलिसी आहे, पण भरती न होता बाहेरून केलेल्या तपासणीचा खर्च तीत बसत नाही. ‘मग तपासणीपुरते एक दिवस भरती व्हायचे’ असा सल्ला मला एका ओळखीच्या व्यक्तीने दिला होता. तसे करू नये, कारण विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांमध्ये केवळ तपासणी आणि निदानासाठी झालेली भरती स्पष्टपणे वगळलेली आहे. एक गोष्ट मात्र उपयोगाची कळली. त्याच दुखण्यासाठी पुढे भरती व्हावे लागले, तर भरतीपूर्वीच्या ठरावीक दिवसांतला तपासणी-खर्च मिळू शकतो. हा कालावधी पॉलिसीनुसार बहुधा ३० किंवा ६० दिवसांचा असतो. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ पावती आणि रिपोर्ट, तिन्ही जपून ठेवावेत.

इथपर्यंत मी सगळा विचार पैशांचाच करत होते. सहा-सात हजार रुपये म्हणजे आमच्या घरात मुलाच्या शिकवणीचा एक हप्ता. तो खर्च करू नये असे नव्हते, पण करावा तर कशासाठी, हे कोणी नीट सांगत नव्हते. म्हणून ऑगस्टच्या अखेरीस रामदासपेठेतल्या दुसऱ्या एका तज्ज्ञांचे मत घ्यायचे ठरवले. त्यांचे शुल्क ₹१,००० होते. एमआरआयच्या खर्चाच्या तुलनेत दुसऱ्या मताचा खर्च थोडा असतो, आणि माझ्या बाबतीत सर्वाधिक उपयोग याच हजार रुपयांचा झाला.

त्यांनी मला टेबलावर झोपवून दोन्ही गुडघे तपासले, आधी चांगला, मग दुखरा. गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढून पाहिली. तिला लॅकमन चाचणी म्हणतात आणि समोरचे क्रूसिएट लिगामेंट म्हणजे एसीएल शाबूत आहे की नाही ते तिच्यावरून कळते. मग गुडघा पूर्ण वाकवून, पाऊल आत-बाहेर फिरवत हळूहळू सरळ केला. ही मॅकमरे चाचणी गादीसाठी असते. दोन्ही हाडांच्या मधल्या फटीवर बोटाने दाबत गेले तेव्हा आतल्या बाजूला एका जागी मी कळवळले. गुडघा पूर्ण सरळ होत होता आणि चालताना दगा देत नव्हता. एवढे झाल्यावर ते म्हणाले, “ताई, आतली गादी थोडी फाटलेली असावी असे मला वाटते. आता समजा एमआरआय काढला आणि त्यात गादी फाटलेली दिसली, तर मी तुम्हाला व्यायाम सांगेन. नाही दिसली, तरी व्यायामच सांगेन. मग आज तो कशाला काढायचा?”

हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवले, कारण तोवर एमआरआय म्हणजे उत्तर असेच मी धरून चालले होते. त्यांनी कारणेही सांगितली आणि त्यांतली काही मी नंतर स्वतः वाचली. चाळिशीनंतर गुडघ्यातल्या गादीत झीज आणि चिरा दिसणे ही फार सामान्य बाब आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथे ५० ते ९० वर्षे वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढून केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांच्या गादीत फाट दिसली, त्यांपैकी ६१ टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात गुडघ्याचा कसलाही त्रास नव्हता. म्हणजे चित्रात फाट दिसली तरी दुखण्याचे कारण तीच आहे, असे सिद्ध होत नाही. फिनलंडमधला २०१३ चा अभ्यास तर मला फारच विचार करायला लावणारा वाटला. गादी झिजून फाटलेल्या १४६ रुग्णांपैकी काहींची दुर्बिणीतून खरी शस्त्रक्रिया केली आणि काहींची केवळ केल्यासारखी केली. वर्षभराने दोन्ही गटांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनीही गुडघ्याच्या झिजेच्या आजारात दुर्बिणीची शस्त्रक्रिया जवळजवळ कोणालाच करू नये, असे म्हटले. गुडघा अडकून खरोखर सरळच न होणारे रुग्ण मात्र त्यांनी या सूचनांतून वगळले. हा अपवाद पुढे माझ्या कामी आला.

डॉक्टरांनी हेही स्पष्ट केले की काही लोकांनी थांबू नये. खेळताना गुडघा मुरगळून लगेच फुगलेला तरुण, एसीएलची चाचणी संशयास्पद असलेली व्यक्ती, गुडघा अडकून बसलेला रुग्ण, यांचा एमआरआय लवकर काढतात, कारण तिथे उत्तरावर उपचाराची दिशा आणि वेळ अवलंबून असते. माझ्यासाठी त्यांनी सहा ते आठ आठवड्यांचा व्यायाम ठरवला आणि त्याआधी केव्हा परत यायचे ते कागदावर लिहून दिले: गुडघा अडकून सरळ न झाल्यास, चालताना वारंवार दगा दिल्यास, सूज पुन्हा वाढल्यास, गुडघा लाल आणि गरम होऊन ताप आल्यास किंवा पोटरी सुजून दुखू लागल्यास. अशी यादी प्रत्येकाने मागून घ्यावी. थांबण्याचा निर्णय घेणे मला सोपे गेले ते या कागदामुळेच, कारण थांबणे म्हणजे दुर्लक्ष करणे नाही हे त्या यादीने घरच्यांनाही पटवता आले.

सप्टेंबरमध्ये फिजिओथेरपी सुरू झाली. एका बैठकीचे ₹४०० पडत. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा जायचे, बाकी दिवस घरीच व्यायाम, असा क्रम होता. पाठीवर झोपून पाय सरळ उचलणे, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल दाबून धरणे, भिंतीला टेकून थोडेसेच खाली बसणे, रबरी पट्टा बांधून मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, असे साधेच प्रकार होते. यंत्राने शेक देण्यावर आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंचा भर नव्हता. मांडीचा पुढचा स्नायू दुखापतीनंतर झपाट्याने बारीक होतो आणि तो भरून आल्याशिवाय गुडघ्यावरचा ताण कमी होत नाही, असे त्या सांगत. पहिल्याच दिवशी त्यांनी टेपने दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. उजवी मांडी दीड सेंटीमीटरने बारीक होती. महिनाभरात एवढे व्हावे याचे मला वाईट वाटले, पण मोजमाप हातात असल्यामुळे पुढची सुधारणा दिसली तेव्हा तिच्यावर विश्वासही ठेवता आला.

त्या महिन्यात महालक्ष्म्या आल्या. दरवर्षी मी खाली बसून पूजेची सगळी तयारी करते. या वर्षी खुर्चीवर बसून केली, आणि मांडी घालून बसलेल्या सवाष्णींकडे पाहताना आपल्याला हे पुन्हा जमेल का, या विचाराने डोळे भरून आले. दीर्घ दुखण्यात माणसाला वेदनेपेक्षा ही अनिश्चितता जास्त खाते, असा माझा अनुभव आहे. शाळेतल्या मावशी रोज जिन्यात भेटल्या की विचारायच्या, “मॅडम, अजूनही दुखून राहिलं का?” दसऱ्यापर्यंत मला त्यांना “कमी आहे” असे खरेपणाने सांगता येऊ लागले. मी रोज रात्री वहीत एकच ओळ लिहीत असे: जिना उतरताना दुखणे दहापैकी किती. सप्टेंबरच्या सुरुवातीला तो आकडा सहा-सातच्या घरात होता, ऑक्टोबरच्या मध्यावर तीनवर आला होता.

मग दिवाळीच्या सफाईत, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, बुटक्या स्टुलावरून उठताना गुडघा अडकला. वाकलेल्या स्थितीतून तो सरळ होईना. शेवटचा थोडासा भाग आतून कोणीतरी धरून ठेवल्यासारखा वाटत होता. जोर लावला तर असह्य कळ यायची. रात्रभर तसाच राहिला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बराच मोकळा झाला, पण पूर्ण सरळ झाला नाही आणि सूजही पुन्हा आली. यादीतल्या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या होत्या, त्यामुळे परत जावे का हा प्रश्नच उरला नाही.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी कोनमापकाने मोजून पाहिले. उजवा गुडघा सरळ होण्यात सुमारे दहा अंश कमी पडत होता. “आता एमआरआय काढू,” ते म्हणाले. “ऑगस्टमध्ये मला जे विचारायचे होते त्याचे उत्तर हाताने तपासून मिळत होते. आज विचारायचे आहे ते हे, की गादीचा फाटलेला तुकडा सुटून सांध्याच्या मध्ये येऊन अडकला आहे का. तसे असेल तर शस्त्रक्रिया लवकर करावी लागेल. तसे नसेल, तर गुडघा सुजेमुळे आणि स्नायू आखडल्यामुळे अडकला, असे समजून आपण व्यायामच पुढे नेऊ.” तीच तपासणी, तेच यंत्र आणि तोच खर्च, पण आता रिपोर्टमध्ये काय येते यावर मी शस्त्रक्रियागृहात जाणार की व्यायामाच्या सतरंजीवर, हे ठरणार होते. पैसे खर्च करायला मला त्या दिवशी कसलाही संकोच वाटला नाही.

चिठ्ठीवर त्यांनी या वेळी सविस्तर लिहिले: दुखापत केव्हा आणि कशी झाली, आता काय होत आहे, आणि तुकडा सरकला आहे का हे पाहावे. रेडिओलॉजिस्टला नेमका प्रश्न कळला तर तो त्या जागी अधिक लक्ष देऊन पाहतो, म्हणून चिठ्ठीवर नुसते अवयवाचे नाव असेल तर डॉक्टरांना दोन ओळी जास्त लिहिण्याची विनंती अवश्य करावी. कॉन्ट्रास्टचे, म्हणजे चित्र अधिक उठून दिसण्यासाठी देतात ते, इंजेक्शन लागणार नाही, हेही त्यांनी लिहिले. गुडघ्याच्या नेहमीच्या एमआरआयला ते सहसा लागत नाही.

लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते. त्यानंतरच्या आठवड्यात मला रात्री आठची वेळ मिळाली. दीड टेस्लाच्या यंत्राचे ₹६,५०० झाले. मी मेट्रोने सुभाषनगरहून सीताबर्डीला गेले, कारण स्थानकांवर लिफ्ट आहेत आणि स्कूटरवर पाय टेकवण्याची मला भीती वाटत होती. पुढे ऑटो केला. केंद्रात आधी एक मोठा अर्ज भरावा लागतो. पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीवर बसवलेली क्लिप, कानातले कॉक्लिअर इम्प्लांट, डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का, गर्भधारणा, आधीच्या शस्त्रक्रिया, असे प्रश्न त्यात असतात. हा अर्ज कंटाळून भराभर भरू नये. एमआरआयमध्ये एक्स-रे किंवा सीटी स्कॅनसारखा किरणोत्सर्ग नसतो, धोका असतो तो प्रचंड चुंबकाचा, आणि तो चुंबक सदैव चालू असतो.

बायकांनी एक गोष्ट घरूनच करून जावी. मंगळसूत्र, बांगड्या, केसातल्या पिना आणि नथ तिथेही काढता येतात, पण वर्षानुवर्षे पायात असलेली जोडवी निघत नाहीत. पाय सुजलेला असेल तर आणखीच अवघड जाते. आदल्या दिवशी कोमट पाण्यात साबण लावून ती सावकाश काढावीत. जरीचे कपडे घालू नयेत, जरीत धातूचा धागा असतो. तसेही केंद्रात बहुधा गाऊन देतात. मोबाइल आणि एटीएम कार्ड बाहेरच्या माणसाकडे द्यावे.

बंद जागेत माझा जीव घाबरतो, त्यामुळे मला खरी धास्ती त्या नळीची होती. गुडघ्याच्या तपासणीत पाय आधी आत जातात आणि डोके जवळजवळ बाहेर राहते, हे मला आधी कळले असते तर दोन रात्रींची झोप वाचली असती. गुडघा एका पिंजऱ्यासारख्या कॉइलमध्ये बसवला, कानात बोळे दिले, हातात घंटेचा रबरी फुगा दिला आणि न हलण्यास सांगितले. मग ठोकल्यासारखे, करवत चालवल्यासारखे आवाज सुरू झाले आणि अधूनमधून थांबत अर्धा तास चालले. दुखरा गुडघा एकाच स्थितीत ठेवणे हेच त्यातले अवघड काम आहे. मला तो पूर्ण सरळ करता येत नव्हता हे सांगितल्यावर तंत्रज्ञाने खाली छोटी उशी दिली. असे काही असेल तर सुरुवातीलाच बोलावे, कारण मध्ये हलल्यास तेवढा भाग पुन्हा घ्यावा लागतो.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाइलवर आला. डॉक्टरांची वेळ त्यानंतर दोन दिवसांनी होती. आतल्या बाजूच्या गादीच्या मागच्या भागात ‘ग्रेड ३ हॉरिझॉन्टल टिअर’ (आडवी फाट), वाटीच्या मागे ‘कॉन्ड्रोमलेशिया ग्रेड २’ (कूर्चा मऊ पडणे), सांध्यात थोडे पाणी आणि एक लहान बेकर सिस्ट (गुडघ्यामागची पाण्याची गाठ), एवढी मोठी यादी वाचून माझे हातपाय गळाले. गादीतल्या ग्रेडचा अर्थ मला डॉक्टरांकडून कळला. ग्रेड १ आणि २ म्हणजे गादीच्या आतल्या आत दिसणारा बदल, त्याला फाट म्हणत नाहीत. तो पृष्ठभागापर्यंत पोहोचला की ग्रेड ३, म्हणजे फाट. ‘ग्रेड ३’ म्हणजे तिसऱ्या टप्प्याचा आजार, असे मी त्या रात्री समजले होते आणि घरातही सर्वांनी तसेच समजून घेतले. रिपोर्ट आणि डॉक्टरांची भेट यांत शक्यतो अंतर ठेवू नये. दोन्हींची वेळ एकाच दिवशी जुळवता आली तर उत्तम.

डॉक्टरांनी आधी रिपोर्ट वाचलाच नाही. सीडी संगणकात घालून चित्रे पाहिली, माझा गुडघा पुन्हा तपासला आणि मग कागद उघडला. गादीची काळी त्रिकोणी आकृती आणि तिच्यात आडवी गेलेली पांढरी रेघ त्यांनी मला दाखवली. तुकडा सुटलेला नव्हता. एसीएल शाबूत होते. गादीच्या बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला नसतो, म्हणून त्या भागातली फाट सहसा भरून येत नाही. पण ती तिथे असूनही गुडघा न दुखता चालू शकतो, हे त्यांनी शांतपणे समजावले. शस्त्रक्रिया करायची नाही असे ठरले. सूज उतरेपर्यंत थोडा आराम आणि मग तोच व्यायाम आणखी तीन महिने, उकिडवे बसणे आणि बुटके स्टूल बंद. एका नातेवाइकांनी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून मोकळे होण्याचा आग्रह धरला होता. त्यांना नाही म्हणण्याचे बळ मला या चित्रांनी दिले.

हाच रिपोर्ट ऑगस्टमध्ये हाती आला असता तर काय झाले असते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बहुधा त्यात हीच आडवी रेघ दिसली असती, उपचार व्यायामाचाच राहिला असता आणि ‘ग्रेड ३’ या शब्दांच्या धास्तीने मी व्यायाम मन लावून केला नसता किंवा शस्त्रक्रियेला तयार झाले असते. शिवाय ऑक्टोबरमध्ये गुडघा अडकल्यावर तुकडा सरकला का हे पाहायला दुसरा एमआरआय काढावाच लागला असता. धंतोलीतल्या पहिल्या तज्ज्ञांचे निदान वेगळे नव्हते. दुसऱ्यांनी मात्र रिपोर्टनंतर काय करायचे ते आधी विचारले.

सगळा हिशेब वहीत आहे. एक्स-रे, तपासणी शुल्के, फिजिओथेरपी, रबरी पट्टे, औषधे, ऑटो आणि एमआरआय धरून खर्च ₹१७,००० च्या आसपास गेला आणि त्यात एमआरआयचा वाटा निम्म्याहून कमी आहे. विम्यातून काही मिळाले नाही. फिल्म उष्णतेने खराब होतात, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटही तापते, म्हणून सीडीतल्या चित्रांची प्रत मी संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवली आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा भेट झाली. गुडघा पूर्ण सरळ होत होता, मांड्यांचा घेर जवळजवळ सारखा झाला होता आणि जिना उतरताना क्वचितच दुखत होते. मांडी घालून मात्र मी अजून फार वेळ बसू शकत नाही. फाट कितपत आहे हे पाहायला पुन्हा एमआरआय काढायचा का, असे मी विचारले. डॉक्टरांनी मला खुर्चीवरून एका पायावर उठून दाखवायला सांगितले, मी उठले, आणि त्यांनी कागदावर पुढची तारीख न टाकता एवढेच लिहिले की गुडघा पुन्हा अडकला तर यावे.